अर्धी सिरिंज

आमच्या घरी पत्रक खालून वर वाचायची पद्धत होती. वडील पाणी, टँकर, बिल्डर अशा विषयांवर पत्रकं काढत आणि आम्ही सगळे बसून त्यांच्या घड्या घालत असू. "आधी शेवटची ओळ बघ," ते सांगत. "छापणाऱ्याचं नाव नसेल तर वरच्या मजकुरावर विश्वास ठेवायचा नाही."

मी कॉलेजात असताना आत्याने एक गुलाबी पत्रक आणलं. गोखिवऱ्यातल्या एका ब्युटी पार्लरचं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरून काढणारं इंजेक्शन, 'फिलर', मुंबईचे डॉक्टर दर रविवारी. मी खालून वाचलं. छापणाऱ्याचं नाव नव्हतंच, डॉक्टरचंही नव्हतं.

"आत्या, नाव लपवणाऱ्या माणसाकडून तोंडात सुई घेणार तू?"

"तू लग्नपत्रिकासुद्धा उलटीच वाचतेस," ती म्हणाली, पण हसली नाही.

अंधेरीच्या एका ऑफिसात ती कित्येक वर्षं पुढच्या काउंटरवर बसत होती. नव्या साहेबाने 'पुढे फ्रेश चेहरा हवा' असं म्हटलं होतं. आता तिला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवणार, अशी कुजबुज होती. ती आरशासमोर उभी राहून नाकापासून ओठांपर्यंत उतरलेल्या दोन्ही घड्या बोटांनी मागे ओढून बघे.

रविवारी मी तिच्यासोबत गेले. पार्लरवालीने तिच्या गालांना आणि ओठांना बधिर करायचं मलम लावलं. अर्ध्या तासाने डॉक्टर आले. नाव विचारलं तर "डॉक्टर म्हणा ना!" त्यांनी थर्मासमधून टोपण लावलेली सिरिंज काढली. ती अर्धीच भरलेली होती.

"उरलेली कुठे गेली?" मी विचारलं.

"मघाच्या मॅडमना अर्धीच लागली. एवढं महागाचं औषध वाया कशाला घालवायचं? सुई नवीन लावतो की."

"याचं खोकं दाखवा."

"खोकं कचऱ्यात गेलं. ताई, तुम्ही इन्स्पेक्टर आहात का?"

पार्लरवाली खिदळली. आत्या मात्र सिरिंजकडे बघत होती. तिने गळ्याचा टॉवेल काढला आणि उठली.

रिक्षात तिचे ओठ बधिर होते, शब्द नीट फुटत नव्हते. तरी म्हणाली, "वाचवलंस. उद्या काउंटरवर तू बसशील?"

महिन्याभरात तिला तळघरात बसवलं.

मी पेटून पत्रक लिहिलं. उष्टी सिरिंज, बेनामी डॉक्टर, बायकांच्या तोंडाशी चाललेला खेळ. खाली स्वतःचं नाव घातलं. छापायला देण्याआधी आत्याला वाचायला दिलं. तिनेही खालून वर वाचलं.

"छान," ती म्हणाली. "पण मला त्या खुर्चीपर्यंत कोणी पाठवलं, त्याबद्दल एकही ओळ नाही."

त्या गुलाबी कागदावर मला पहिल्या दिवसापासून संशय होता. साहेबाच्या वाक्यावर मात्र एकदाही आला नव्हता. मीही ते हवामानासारखं अटळ धरून चालले होते.

मी कोरा कागद घेतला. "सांग, तो नेमकं काय म्हणाला?"

तिने चष्मा लावला, खुर्ची ओढली. "लिही. आणि खाली तुझ्या नावाच्या वर माझं नाव घाल."