पाळीवरची आखूड पावलं

ती घटना आजही आठवते, ती माझ्या एका शब्दामुळे. पंचनाम्यात मी लिहिलं होतं, 'स्त्रीची पावले'.

कुरखेड्याकडच्या एका गावात तलावाचे मासे विष घालून मारले होते. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. तलाव मासेमारांच्या सोसायटीचा. त्यातल्या एका सभासदाचा वर्षभरापूर्वी मृत्यू झाला होता आणि त्याचं सभासदत्व विधवेला द्यायचं नुकतंच ठरलं होतं. तिचा चुलत सासरा सकाळीच ठाण्यात आला. साठी उलटलेला, पण ठणठणीत, ताठ कण्याचा माणूस.

"सायेब, सुनेले सांजेले पाळीवर फिरताना पाह्यलं मी. सभासदत्व वरीसभर लटकवलं म्हून सोसायटीवर राग होता तिचा," तो म्हणाला.

पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, अनवाणी पावलं होती. चिखल मऊ, बोटं उमटली नव्हती. लांबी आणि अंतर तेवढं मी पाहिलं. पाऊल लहान, टाकही, म्हणजे दोन पावलांतलं अंतरही, आखूड. मी ताबडतोब शहाणा झालो. बाईचीच पावलं! पंचांमध्ये रोवणीच्या टोळीची मुकादम, एक बाई होती. पंचनामा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "पण सायेब..."

"बाई, सही करा," मी म्हणालो. तिने केली.

सोसायटीने विधवेला तलावावर यायला बंदी केली. दोन लेकरं, आणि पोट त्याच पाण्यावर. जबाबात ती एकच सांगत राहिली, "मी घरीच होती." मी विश्वास ठेवला नाही.

दहाव्या दिवशी मुकादमबाई ठाण्यात येऊन उभी राहिली.

"सायेब, तवा बोलू नाई देलं तुमी. आमी बाया धानाच्या पऱ्ह्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून चालतो. धुरा केवढासा! एका पायाच्या पुढं दुसरा पडते. ते पाय तं फाकले होते, चवडे बाहीर. म्हाताऱ्याचं चालणं आहे ते."

मी चिडलो. नंतर फाईलमधले पाळीचे फोटो काढून पाहिले. पाय खरंच फाकलेले होते.

दुसऱ्या दिवशी पाळीवर सगळ्या सभासदांना आणि रोवणीच्या बायांना एकेक करून अनवाणी चालवलं. लोक हसत होते. तरुण पुरुषांची टाक लांब. बायांची आखूड, पण झपझप आणि जवळजवळ एका रेषेत. साठीपुढचे, बाई असो की बुवा, टाक आखूड आणि पाय रुंद टाकत होते. हा काही कायदा नव्हे. दोन तरुणांची पावलंही बायांसारखी निघाली. एवढ्यावर कोणाला धरता येत नाही, पण कुठे पाहायचं ते कळतं.

चुलत सासऱ्याचा नंबर आला. पाऊल लहानच, पण तो ढांगा टाकत निघाला. चार ढांगा बऱ्या पडल्या. पाचवीपासून पाय आपल्या वळणावर गेले.

"काका, सुरुवातीले एवढी घाई काऊन?" मुकादमबाईने विचारलं. कोणी हसलं नाही.

पाळीखालच्या बेशरमच्या झुडपात कीटकनाशकाचा डबा पहिल्याच दिवशी सापडला होता. कृषी केंद्रवाल्याने म्हाताऱ्याला आपलं गिऱ्हाईक म्हणून ओळखलं. चौकशीत म्हातारा तासभर टिकला. सभासदत्व आपल्या मुलाला मिळावं म्हणून केलं, एवढंच बोलला आणि मान खाली घातली.

मी पुरवणी पंचनामा केला. पहिला खोडता येत नाही; माझा शब्द त्या फाईलमध्ये अजून आहे. पुढे नोकरीभर प्रत्येक पंचाला सहीआधी विचारत गेलो, "काही सांगायचं आहे का?" आणि उत्तरासाठी थांबलो.

त्याच संध्याकाळी विधवेला घेऊन मीच पाळीवर गेलो. शरम वाटत होती, म्हणून म्हणालो, "बाई, चूक माझी झाली."

"अकरा दिवस, सायेब," ती म्हणाली. चपला काढून, जाळं खांद्यावर टाकून ती पाण्याकडे चालू लागली. मागे चिखलात पावलं उमटत गेली, एका रेषेत, धुऱ्यावर पडावीत तशी. इतक्या दिवसांत तिला एकदाही चालायला सांगितलं नव्हतं मी.