पावसाळ्यातले मटार

इंदिरानगरच्या शुभांगीकडे गॅसचा सिलिंडर इतका पुरायचा, की पोचवायला येणाऱ्या माणसाने एकदा विचारलं होतं, "वहिनी, घरात माणसं राहतात ना?" हा किस्सा तिने बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईला सांगितला. सिलिंडर पुरवायचा कसा, ते मात्र एकीलाही सांगितलं नाही. काटकसर करणारी बाई युक्त्यांचीही काटकसर करते, त्याला कोण काय करणार?

युक्त्या तशा साध्या होत्या. कुकरमध्ये तळाला डाळ, वर भात, त्यावर बटाटे. आणि शेवटच्या शिट्टीची वाट न बघता गॅस बंद, उरलेलं काम आतली वाफ करते. दुधाची पिशवी संपली की तिच्यात पाणी घालून खळबळवायचं आणि त्यात कणीक भिजवायची. साबणाची झिजून उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवायची. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, लिंबाची सालं भांडी घासायला. नवरा सुनील अंबडच्या कारखान्यात होता, पगार बरा होता, घरात कुणी उपाशी मरत नव्हतं. पण कुणी सुंदर रांगोळी काढतं, कुणाचा गळा चांगला असतो, तसं शुभांगीला वाचवता यायचं. हे एका माणसाने बघावं आणि एकदा तरी "वा, थोरले" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ते माणूस म्हणजे तिची सासू, साळूबाई.

सासरे गेल्यापासून साळूबाईंनी वर्षाची वाटणी करून टाकली होती. उन्हाळा गावी देवळ्याला, स्वतःच्या घरात, कांदा साठवणीच्या चाळीत पडेपर्यंत. पावसाळा इंदिरानगरला, थोरल्या सुनीलकडे. दिवाळी झाली की हिवाळा जेलरोडला, धाकट्या दीपककडे. आणि दरवर्षी पावसाळ्यात इंदिरानगरला आल्या, की त्यांच्या तोंडी एकच नाव असायचं, धाकट्या सुनेचं. योगिनी.

"योगिनी बाजाराला सांजच्यालाच जाती. बाजार उठायच्या टायमाला माळवं निम्म्यात मिळतं." शुभांगी सकाळी घेतलेली मेथी निवडत ऐकायची. "योगिनी ब्लाउजपिसं कपाटात कुजवत नाय, पिशव्या शिवती." शुभांगीच्या कपाटात ओटीतल्या ब्लाउजपिसांची चळत होती. "तुम्ही चहा घेता ना, आई?" एवढंच ती म्हणायची आणि आत जाऊन चहाचं भांडं ओट्यावर जरा जोरात आपटायची.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिच्या कणकेबद्दल, सिलिंडरबद्दल, जुन्या साड्यांच्या गोधड्यांबद्दल साळूबाईंच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. शिव्या नव्हत्या, टोमणे नव्हते. नुसतं काही नव्हतं. आणि त्या कालच्या पोरीचं मात्र उठता-बसता कौतुक! शुभांगीच्या पोटात दुखायचं, अगदी खरोखरीचं दुखायचं. ओवा खाल्ला तरी थांबायचं नाही.

त्या वर्षी कळस झाला तो मटारच्या सालांनी. "योगिनी मटारची सालं फेकत नाय," जेवताना साळूबाई म्हणाल्या. "भाजी करती. लय गोड लागती. फुकटची भाजी." पुढे त्यांनी ताटातली दोडक्याची भाजी मुकाट्याने संपवली. शुभांगीला ते मुकाट्याने संपवणं सगळ्यात जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ती भाजीबाजारात गेली आणि मटार घेऊन आली. ऐन श्रावणात. हिवाळ्यात जे मटार लोक पिशव्या भरभरून नेतात, ते श्रावणात भाजीवाला असे मोजून देत होता जणू घरचे दागिने गहाण ठेवतोय. शुभांगीने भाव ऐकला, डोळे मिटले आणि पैसे दिले. फुकटची भाजी करायला निघालेल्या बाईने त्या दिवशी आठवड्याच्या भाजीचे पैसे एका पिशवीत घातले. मत्सर माणसाला हिशोब विसरायला लावतो, आणि शुभांगीसारखीलाही लावलं म्हणजे बघा.

दाणे तिने फ्रीजमध्ये टाकले आणि सालांची भाजी केली. लसूण, जिरं, दाण्याचा कूट, सगळं घातलं. पण सालाच्या आतला कागदासारखा पडदा सोलून काढायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि योगिनीला फोन करून विचारण्यापेक्षा तिने गोदावरीत उडी घेतली असती. साळूबाईंनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावला. मग बोट घालून तोंडातून एक लांब दोरा ओढून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"मटार काय भाव हाय गं सध्या?" त्यांनी विचारलं.

सुनीलला ठसका लागला. शुभांगी पाणी आणायच्या निमित्ताने उठली ती आत ओट्याशी उभी राहिली. डोळ्यांतून पाणी आलं. रागाने आलं असं ती स्वतःला म्हणाली.

मग गौरी आल्या. गौरी थोरल्या घरी, म्हणून योगिनी आदल्या दिवशीच मुक्कामाला आली. दोघी जावा एका ओट्याशी, आणि शुभांगी कामापुरतं बोलत होती. पुरणपोळीची कणीक भिजवायची होती. योगिनीने दुधाची रिकामी पिशवी उचलली, तिच्यात पाणी घातलं, खळबळवलं आणि परातीत ओतलं.

शुभांगीचा हात थांबला. ती तिची युक्ती होती. बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितली नव्हती ती.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी म्हणजे?" योगिनी फणकारली. तिच्या आवाजात जुना, मुरलेला राग होता. "आईंनी. हिवाळ्याचे चार महिने दुसरं ऐकते काय मी? 'थोरली पिशवी धुऊन घेती. थोरलीचा सिलिंडर बघ किती चालतो. थोरलीच्या गोधडीला एक टाका सुटत नाय.' बाजाराला रात्र व्हायच्या वेळी मी कशाला जाते, ताई? हौस आहे का मला? काहीतरी तुमच्यापेक्षा वेगळं करून दाखवावं म्हणून. तर त्याला एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी परत थोरलीच."

 आधी शुभांगीला आनंद झाला, इतका की हातातला पुरणाचा डाव कुठे ठेवावा कळेना. आणि पाठोपाठ तिचा जीव जळला. म्हणजे कौतुक झालं होतं. सगळं झालं होतं, वर्षानुवर्षं, तोंडभरून. पण जेलरोडला झालं होतं. तिच्या वाट्याचं तिसरीकडेच खर्च झालं होतं, आणि ते ऐकून घेतलं होतं योगिनीने, कान फुकट असल्यासारखं.

"माझ्याकडे तुझंच नाव असतं," ती शेवटी म्हणाली. "मटारच्या सालांची भाजी. त्यापायी मी श्रावणात मटार आणले."

योगिनीने तोंडावर कणकेचा हात दाबला, पण हसू फुटलंच. मग शुभांगीलाही आलं. बाहेरच्या खोलीतून साळूबाई ओरडल्या, "काय खिदळताय गं? पुरण लागंल खाली!"

म्हातारीला विचारायची हिंमत दोघींनाही झाली नाही. पण त्यांनी एक ठरवलं. म्हातारी जिच्याकडे असेल तिने दुसरीला फोन करायचा आणि आज काय काय म्हणाल्या ते सांगायचं. आपलं आपल्याला पोचवायचं.

दिवाळीपर्यंत शुभांगीने इमानेइतबारे फोन केले. योगिनीच्या पिशव्या, योगिनीची ठेच्याची हातोटी, सगळं सांगितलं. सांगताना अजून बोचायचं, पण सांगितलं. फक्त एक नाही सांगितलं. नवरात्रात साळूबाईंना ताप आला होता. शुभांगी उशाशी बसून कपाळावर घड्या बदलत होती, आणि म्हातारी डोळे मिटून पुटपुटली, "योगिनीचा हात लय थंड हाय. तिचा हात फिरला का ताप उतरतो." हात शुभांगीचा होता. ते वाक्य तिने गिळलं. पिशव्यांचं कौतुक ठीक आहे, पण हे? हे ती कुणालाही देणार नव्हती.

दिवाळीनंतर म्हातारी जेलरोडला गेली आणि फोन उलटे यायला लागले. "आज तुमचा सिलिंडर निघाला, ताई." "आज गोधडी." शुभांगी ऐकायची, सुखावायची. पण हळूहळू तिला खट्टू वाटायला लागलं. रोज सिलिंडर, रोज गोधडी, चिल्लरच सगळी. मोठं काहीच कसं नाही? की म्हातारीच्या मनात आपण सिलिंडरएवढ्याच? आणि मग एका संध्याकाळी, दूध तापत ठेवलेलं असताना, तिला वाटलं, आपण एक ठेवून घेतलं, मग तिनेही ठेवलंच असणार.

तिने फोन लावला. आधी स्वतःचं सांगून टाकलं. ताप, कपाळ, हात, सगळं. एक शब्दही बदलला नाही.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. 

"ताई, मीपण एक सांगितलं नव्हतं," योगिनी म्हणाली. "दोन वर्षं झाली त्याला. मला नाही सांगवलं."

"सांग."

"मी त्यांचे पाय चेपत होते. मला म्हणाल्या, 'मी जाईन ना, तवा तोंडात शेवटचं पाणी थोरलीच्याच हातचं पडू दे. तेवढं दीपकला सांगून ठेव.' माझ्याकडून पाय चेपून घेता घेता म्हणाल्या, ताई."

 समोर पातेल्यातलं दूध वर आलं, काठावर थरथरलं आणि ओट्यावर उतू जायला लागलं. तिला ते दिसत होतं. फोन कानाशी धरून ती तशीच उभी राहिली आणि दूध वाहत राहिलं.