टोपीतली सुई

फाल्गुनातल्या एका रविवारी गादी भरायला चाचा आले. टोपीत मोठी सुई खोचलेली. ते अंगणात कापूस पिंजू लागले आणि मी वाफ्यातली वाळकी शेवंती उपटू लागले. पायरीवर माझी पिवळी दसुती पडली होती. तिच्यावरचा फुलीच्या टाक्यांचा गुलाब तीन वर्षं अर्धाच होता.

चहा घेऊन बाहेर आले, तर चाचांनी गुलाबाखाली गादीच्या जाड पांढऱ्या दोऱ्यानं एक पान भरलेलं! फुल्या मात्र अगदी मोजून घातलेल्या.

"हात काहून लावला, चाचा?" मी चिडलेच.

सुई टोपीत खोचत ते हसले. "सकाळपासून नुसतं उपटूनच राह्यली तू, बेटी. म्हटलं, आपुन एक पान लावू."

त्याच संध्याकाळी मी गुलाब पुरा केला. घरात हिरवा दोरा भरपूर होता, पण पान पांढरंच ठेवलं.