सुट्टीनंतरचा तास

फॅक्टरीत माणसाजवळ पैसा साठत नाही, किस्से साठतात. घरी पोचेपर्यंत बायकोला सांगायचाही जीव उरत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

नागपूरच्या बाहेर चिवडा-शेव पॅक करणाऱ्या कारखान्यात मी सीलिंग मशीनवर आहे. पगार तासावर. सुट्टी झाली की सुपरवायझर बोंदरे रोज दारात उभा. "थोडंसंच राहिलं गा, भरून टाका!"

एकदा मी म्हटलं, "साहेब, याचा ओव्हरटाइम?"

"ओव्हरटाइम काहून म्हणता? ॲडजस्टमेंट म्हणा!"

*

मग पॅकिंगच्या सुनंदाबाईंनी विचारलं, "नऊ तासांच्या वर काम झालं तं दुप्पट भेटते ना?"

बोंदरे म्हणाला, "बाई, तुमचा चहा, बाथरूम कापलं तं नऊ होतेत कुठं?"

दुसऱ्या दिवसापासून बायकांनी पाणी पिणंच कमी केलं. बोंदरे खूश. म्हणे, प्रॉडक्शन वाढून राहिलं!

*

दिवाळीला शेठना आमची दया आली. जादा कामाबद्दल प्रत्येकाला रंगीत कागदात एकेक डबा! पोरीनं घाईघाईनं उघडला. आत चिवडा.

"बाबा, हे तं तुम्हीच भरलं!"

*

शेवटी कोणीतरी तक्रार केली. लेबर ऑफिसचे साहेब आले. शेठनी मीटिंग ठेवली, तीही सुट्टी झाल्यावर! साहेबांनी समजावलं, "दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम घेतलं, की जादा तासांचा पगार दुप्पट. तासावरच्या कामगारालाही."

शेठ मान डोलावत होते. सुनंदाबाई उठल्या. आदल्याच महिन्यात जास्त बोलणाऱ्या एकीला घरी बसवलं होतं.

"साहेब, आता बसून राहिलो, ते यात धरतेत का?"

"शेठनीच बसवलंय ना? मग धरायलाच पाहिजे."

शेठनी मीटिंग तिथंच संपवली!

*

पुढच्या पगारात दुप्पट आलं. आम्ही खूश. आणि त्याच आठवड्यात हुकूम निघाला, ओव्हरटाइम बंद! आता सुट्टी झाली की बोंदरे ओरडतो, "निघा, निघा, कोणी थांबू नका!"

पहिल्या दिवशी सुनंदाबाई उजेडातच घरी पोचल्या. सासू अंगणात गहू निवडत होती. सुनेला फाटकात बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"काय झालं वं? कामावरून काढलं का तुले?"