नमुना मिळणार नाही

काळेवाडीतल्या त्या बालवाडीत फरीदाताई शिरल्या की पोरांचा दंगा थांबत नसे, उलट दुप्पट होई. आवाज खणखणीत, चाल ऐटीची, आणि हट्ट असा की कंपनीच्या भोंग्यालाही म्हणतील, थांब जरा.

शनिवारी दुपारी मुलं घरी गेली की त्या बाकीच्या शिक्षिकांपुढे एक पोतं उपडं करत. चाकणच्या कारखान्यांतलं भंगार: खोके, रबरी कड्या, फोमचे तुकडे, झाकणं. "खेळा," एवढंच सांगत. जिला स्वतःला खेळता येत नाही, ती पोरांना काय खेळू देणार?

पहिल्या शनिवारी काय झालं, तर बायका ओळीत बसल्या आणि चक्क मालाची तपासणी सुरू! कड्या इकडे, झाकणं तिकडे, वाकडंतिकडं रिजेक्ट. लग्नाआधी कंपनीत लाइनवर काम केलेली दिपाली म्हणाली, "ताई, सँपल दाखवा ना. सेम टू सेम करून देते."

"सँपल मिळणार नाही."

"मग चुकलं तर?"

"चुकू दे की! कोण ओव्हरटाइम कापणार आहे?"

दिपाली रडकुंडीला आली. पण पुढे त्याच रिजेक्टच्या ढिगातून तिने एक उंट उभा केला, आणि मग वर्गातही मुलांना तयार होडीऐवजी नुसता कागद देऊ लागली. भिंतीवरच्या एकसारख्या होड्या गेल्या. त्यांच्या जागी आला एक चुरगळलेला गोळा. "हा आमचा कुत्रा," असं त्याच्या मालकिणीने ठणकावून सांगितलं.

बालवाडीचे मालक नानासाहेब मात्र भडकले. "पालक इचारत्यात, होड्या कुठं गेल्या? आन् बाया खेळायचा पगार घेत्यात व्हय?" पोतं कोठीत गेलं, कुलूप लागलं, किल्ली त्यांच्या खिशात. यापुढे शनिवारी वर्कशीट तयार करायच्या, असा हुकूम सुटला.

त्या शनिवारी फरीदाताई बाकीच्या शिक्षिकांना घेऊन बाहेर आल्या आणि रस्त्याकडच्या पायरीवर फतकल मारून बसल्या. "पर्स उपड्या करा गं!"

पिना, कंगवे, डब्यांची झाकणं बाहेर पडली. ताईंची ओढणी नदी झाली, नदीवर पूल चढू लागला. फर्स्ट शिफ्ट सुटलेली माणसं गाड्या थांबवून बघू लागली.

"टीचर, तिकीट किती?" एकाने विचारलं.

"फुकट, भाऊ. पण एक चप्पल द्या, पुलाला हवीय."

त्याने खरंच दिली!

एवढ्यात नानासाहेब धापा टाकत आले. "फरीदाबाई, लोक हसत्यात. आत चला."

"कोठी उघडा, आम्ही आत येतो."

"न्हाई उघडत. उद्यापास्नं तुमी..."

"उद्या रविवार आहे. आणि काढायचं तर खुशाल काढा, नानासाहेब. मी इथेच खेळेन. रस्ता तर तुमचा नाही ना?"

नानासाहेबांनी दिपालीकडे मोर्चा वळवला. "तू शहाणी पोरगी हायेस. पालकांना दाखवाया एक नमुना तरी कर."

दिपालीने मानही वर केली नाही. "नमुना मिळणार नाही. पण एक खांब कमी पडतोय. ती किल्ली द्या."

नानासाहेबांनी खिशातून किल्ली काढली, पण मुठीतच दाबून धरली. पुलाकडे बघत राहिले. मग कुरकुरत वाकले. "तितं न्हाई टिकायची. हितं लाव." त्यांनीच ती लांबट किल्ली चपलेखाली खोचली, आणि अख्खा पूल कोसळला. रस्ताभर हशा पिकला.

"पुन्हा बांधा," फरीदाताई म्हणाल्या, आणि किल्ली उचलून त्यांनी ती ओढणीच्या नदीच्या टोकाला पक्की गाठ मारून बांधली.