धुतलेला प्याला

"हा प्याला आधी धुवून आणा."

एकोणीसशे तीसचा नाताळ. रत्नागिरीतलं आमचं छोटं ख्रिस्ती देऊळ, प्रभुभोजन चाललेलं, द्राक्षारसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरणारा. बोलले मंडळीचे पंच. बापाच्या काळात ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले, पण सोवळं काही सुटलं नव्हतं. प्याला त्यांच्या आधी माझ्या आईच्या ओठांना लागला होता. आम्ही महारवाड्यातले ख्रिस्ती. मागे चटईवर बसायचं, शेवटी प्यायचं. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ.

आईचं चुकलं ते एवढंच. ती सुईण. त्याच पहाटे मांडवीला पंचांच्या अडलेल्या सुनेची सुटका तिने केली होती. पंचांची बायको म्हणाली, "तू आमच्या घरचीच गो." आईने ते खरं मानलं आणि पुढच्या बाकावर बसली.

पाळकांनी गुपचूप प्याला धुतला. मग उपदेश केला, देव देहधारी झाला. मी मिशनच्या शाळेत मास्तरीण, देवळात शास्त्र मीच वाचायची. अंगाची लाही लाही झाली, पण मी उठून नेमलेला उतारा तेवढा वाचला. त्याची लाज मला आजही वाटते.

घरी आई चुलीपुढे हात बघत बसली होती. "त्येंचा नातू ह्याच हातांनी काढला. तो नाय बाटला?" मग लाकूड आत सारत, "येशूची नाळ कोणी कापली असंल गो?"

महिनाभर मी शुभवर्तमान उपसलं. नाळ कापणारीचं नाव कुठेच नाही. पण तो गव्हाणीत निजला, दमला, रडला, परजातीच्या बाईकडे पाणी मागितलं. भांडं धुवून दे, असं तो म्हणाला नाही. देहधारी हा शब्द मी आजवर पोपटासारखी वाचत होते. देह म्हणजे रक्त, नाळ, घाम. हे ज्याला विटाळ म्हणतात, त्यातूनच देव आला. आईचा विटाळ धरायचा तर आधी त्याचा धरा.

पुढच्या प्रभुभोजनाला आईचा हात धरून मी पुढच्या बाकावर बसले. पंच उठून उभे राहिले. पाळक कानाशी वाकले, "नोकरीचा विचार कर, पोरी."

मी सगळ्यांदेखत म्हटलं, "नोकरी घ्या. प्याला आईच्या हातून पुढे जाईल, न धुता. नाहीतर आमच्यातलं कोणी त्याला ओठ लावणार नाही."

त्या दिवशी आमच्यातल्या कोणी प्याल्याला ओठ लावला नाही. नोकरी गेली. देवळातून निघताना मागची चटई मी गुंडाळून घरी आणली. मी जिवंत आहे तोवर त्या देवळात ती पुन्हा कोणी अंथरणार नाही.