एकोडीची मंडई आणि माझा विसावा दिवस

यंदाच्या दिवाळीत मी एकोणीस दिवस भाताला शिवलो नाही, आणि विसाव्या दिवशी सासऱ्यांनी माझ्या पायावर टोपी ठेवली.

कोजागिरीच्या आधी डॉक्टरांनी माझी साखर पाहिली, मग मला पाहिलं आणि म्हणाले, "महिनाभर भात आणि गोड बंद. तरी उतरली नाही तर जन्मभराच्या गोळ्या." गोळ्यांना मी फार भितो. (इंजेक्शनलाही भितो, पण त्याची पाळी अजून आलेली नाही.) म्हणून कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवसापासून सुरू केलं. भंडारा जिल्ह्यात, ऐन धान निघायच्या दिवसांत, दिवाळी तोंडावर असताना! आंधळगावच्या आमच्या शाळेत मी हे सगळ्या मास्तरांना सांगितलं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना दोनदा सांगितलं. लक्ष्मीपूजन गेलं, भाऊबीज गेली, बहिणीच्या हातचे अनारसे मी हात जोडून परत पाठवले. स्वतःचा इतका अभिमान वाटू लागला की आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहायचो.

मग आली मंडई. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव एकेक दिवस मंडई, म्हणजे छोटी जत्राच, भरते, दंडारीचे फड नाचतात आणि ज्या गावची मंडई त्या गावात घरोघर पाहुणे जेवतात. माझ्या विसाव्या दिवशी एकोडीची पाळी होती, म्हणजे माझ्या सासुरवाडीची.

निघताना सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "घरी काय थेरं करायची ते करा. माह्या माहेरी मुकाट्यानं जेवा."

"शिस्त म्हणजे शिस्त."

"बाबाले वाईट वाटलं न, त वर्षभर बोलणार नाही मी तुमच्याशी!"

तिचा वडिलांवर फार जीव, हे मला ठाऊक होतं. तरी मी पिशवीत डबा टाकला. दोन ज्वारीच्या भाकरी आणि एक काकडी. (सासुरवाडीला स्वतःचा डबा नेणारा एकोडीच्या इतिहासातला मी पहिलाच जावई असणार.)

पान वाढलं. नव्या तांदळाचा भात, उडदाचे वडे, मटणाचा रस्सा, करंज्या, शिवाय मंडईतली गरम जिलेबी. मी डबा काढून पानाशेजारी ठेवला आणि झाकण उघडलं. 

"जवाईबापू, हे काय व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"भाकर, मामीजी. मी भात सोडला."

"काशीले कवा गेलते?" (काशीला गेलेला माणूस आवडीचा एक पदार्थ सोडून येतो.)

"काशीले नाही. डॉक्टरनं सांगितलं."

कुणाचाही विश्वास बसला नाही. जावई सासरी जेवत नाही याचा अर्थ एकच, जावई रुसला! मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिथल्या तिथे चौकशी सुरू केली. "दिन्या, जवायाले जेवाचं निवतं द्यायले कोण गेलतं?"

दिनेश माझा साळा. "मोबाईलवर टाकलं न बाबा. ग्रुपवर."

"ग्रुपवर? घरी नाही गेला? जवायाले अन् ट्रॅक्टरवाल्याले एकच निवतं?"

"मामाजी, खरंच तसं काही नाही," मी म्हणालो.

"रुसलेला माणूस असंच म्हणते," दारातून शेजारचे पाटीलबुवा म्हणाले. ते कधी आले कोण जाणे.

मग दिनेशनं मला फाटकाबाहेर नेऊन उभं केलं, कपाळाला कुंकू-अक्षता लावल्या आणि रीतसर निवतं दिलं. मी आत आलो, पानावर बसलो आणि भाकरीचा तुकडा मोडला! सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. दारात अर्धी आळी जमली. दंडार पाहायला आलेले लोक दंडार सोडून मला पाहू लागले.

तेवढ्यात मामाजी उठले. "बापू, चुकलं आमचं," म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी माझ्या पायावर ठेवली. पंच्याहत्तरीचा माणूस! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी होती. ती रागावली नव्हती, रडत होती. मी टोपी उचलून मामाजींच्या डोक्यावर ठेवली, डबा मागे सारला आणि भातात हात घातला.

"राग गेला!" पाटीलबुवा ओरडले. मामाजी हसले, लहान मुलासारखे. मलाही बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाढून घेतलेल्या भाताला तर फारच बरं वाटलं.

मग पाटीलबुवांनी मध्यस्थी केली म्हणून त्यांच्या घरी जाणं आलं. त्यांच्याकडे खाल्लं म्हणून चुलत सासरे हात धरून घेऊन गेले. एकदा मोडलेलं व्रत पुन्हा मोडता येत नाही, असा एक विचार मला त्या वेळी पटला होता.

संध्याकाळी परत निघालो. साकोली आली तशी गाडीवर मागे बसलेली सुनंदा माझ्या कानाशी झुकली. मग म्हणाली, "आपल्या घरी खाल्लं, बाबासाठी खाल्लं. चांगलं केलं."

"मग!"

"पाटीलबुवाकडं नाही म्हणता नसतं आलं. काकाजीनं त हातच धरला होता."

"तेच तर."

"पण त्या चवथ्या घरी काहून जाऊन बसले? तिथं त कोणी 'या' बी नव्हतं म्हणलं!"

मी गाडीचा वेग थोडा वाढवला. ते घर कुणाचं होतं, हे मला अजूनही माहीत नाही.